जडत्व मंडळाची अंगठी

१९७८ सालच्या एका छायाचित्रात माझ्या वडिलांच्या उजव्या करंगळीत तारेइतकी बारीक चांदीची अंगठी आहे. यंदा मार्चमध्ये रुग्णालयाने ती कापून आमच्या हवाली केली, तेव्हा ती इतकी जाड होती की शेजारचे बोट पुरते मिटत नसे. दोन्ही अंगठ्या एकच.

"अंगठी काही आपोआप वाढत नाही," आई म्हणाली. "कोणीतरी भर घालत होतं."

भर घालणारी एखादी बाई असावी, हे आईचे गृहीतक जवळजवळ लग्नाइतके जुने होते. दर तीन-चार वर्षांनी एखाद्या संध्याकाळी बाबा बेंगळुरूतल्या त्यांच्या नोकरीच्या संस्थेतून उशिरा परतत आणि दुसऱ्या दिवशी अंगठी जाड दिसे. विचारले तर म्हणत, "ते तुझ्यासाठी नाही." याला पुरावा म्हणता येत नाही, पण दुसरे स्पष्टीकरण कोणी दिलेही नव्हते.

"दोन हजार चारनंतर ते थांबलं," आई म्हणाली. "मला वाटलं, मेली असेल. पण मग हे इथे राहिले तरी कोणासाठी?"

तिचा खरा प्रश्न हा होता. बाबा निवृत्त झाले त्या वर्षी दोघांनी मिरजेत, तिच्या बहिणीच्या शेजारी, फ्लॅट घेतला. पडदे शिवून झाले, गॅसचे कनेक्शन झाले. त्यानंतर दर वर्षी बाबा म्हणाले, "यंदा नको." कारण सांगितले नाही. अकरा वर्षे तो फ्लॅट कुलुपात राहिला. आता आई तिथे एकटी जाणार होती.

"जाण्याआधी एवढं शोधून दे, अमृता. बाई होती का? मला काही वाटणार नाही."

ते खरे होते. बाबांचे दिवस झाल्यापासून आम्हा दोघींना कशाचेच काही वाटत नव्हते. परक्याचे घर आवरावे तसे आम्ही बाबांचे घर आवरत होतो.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या एका महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवते. अंगठीचा कापलेला तोंडाचा भाग मी घासून गुळगुळीत केला, त्यावर सौम्य आम्ल फिरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधोमध एक तार होती, तिच्याभोवती आठ तारा, आणि लगतच्या तारांमध्ये त्यांना जोडणाऱ्या डाखाच्या रेघा. आतले डाख ओबडधोबड होते, बाहेरचे स्वच्छ. म्हणजे भर एकदाच घातलेली नव्हती, आणि डाख देणाऱ्याचा हात हळूहळू बसत गेला होता. बाईबद्दल सूक्ष्मदर्शक काही सांगू शकत नव्हता.

छायाचित्र मी घरी जाऊन पुन्हा पाहिले. संस्थेच्या वसतिगृहातल्या जेवणाच्या टेबलाभोवती नऊ तरुण बसलेले होते. नऊही जणांचे उजवे हात टेबलावर पालथे, आणि प्रत्येक करंगळीत तीच बारीक तार. त्यांच्यातला एकच माणूस अजून शहरात असल्याचे मला ठाऊक होते. श्रीरंगकाका माझ्या लहानपणी दर रविवारी आमच्याकडे जेवायला असत. मी नोकरीला लागले त्या सुमारास त्यांचे येणे बंद झाले.

ते बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत राहतात. खिडकीतून तळे दिसते.

"कळवलं असतंस तर खाली पास काढून ठेवला असता," ते म्हणाले. "इथे पासाशिवाय यमालाही वर सोडत नाहीत." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी चष्मा पुसला.

मी अंगठी टेबलावर ठेवली.

"अगं, हे अजून आहे? मला वाटलं, नंदूने कधीच मोडून टाकली असेल." त्यांनी ती तळहातावर घेऊन वजन पाहिले. "जडत्व मंडळ. नाव तुझ्या बापानेच दिलेलं. त्या काळी दर महिन्याला कोणीतरी अमेरिकेला जायचं आणि आम्ही निरोपाचे पेढे खायचो. एका रात्री नऊ जणांनी शपथ घेतली, आपण हलायचं नाही. संस्था सोडायची नाही, बंगलोर सोडायचं नाही. आणि जो सोडेल, त्याने आपली तार राहणाऱ्या सदस्याच्या हातात द्यायची. वस्तुमान मंडळातच राहिलं पाहिजे."

"सगळ्यांनी बाबांनाच दिली?"

"डाख देता यायचा तो त्यालाच. बाकीचे आम्ही कागदावरचे इंजिनिअर."

"घरी का सांगितलं नाही?"

"गुप्त होतं ना. बायकांना कळलं असतं तर पंधरवड्यात सगळे न्यू जर्सीत असते."

"तुम्ही कधी दिलीत?"

"दोन हजार चार. बाहेर तिप्पट पगार मिळत होता. तार देताना मी म्हटलं, चला, मंडळ संपलं. तो म्हणाला, मी आहे ना. दोघं हसलो. म्हणजे, मी हसलो."

"त्यानंतर भेट?"

"एकदाच. गेल्या वर्षी. बसने मारतहळ्ळीपर्यंत आला, तिथून रिक्षाने. ह्या वयात. म्हणाला, श्री, सोडून गेलेल्याला परत घ्यायचा काही नियम होता का, तुला आठवतं? म्हटलं, कशाला? तर म्हणे, मिरजेला जायचंय, अंगठी कोणाच्या तरी हातात द्यावी लागेल."

"मग?"

"मी हात पुढे केला. म्हटलं, आण इकडे, झालो सदस्य. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, नवा सदस्य घ्यायला दोन सदस्यांची संमती लागते, परत येणाऱ्यालाही तेच लागू असणार. मी एकटाच आहे." काकांनी अंगठी खाली ठेवली. "मी म्हटलं, नंदू, समोर तळं आहे, दे भिरकावून. त्याने खिडकीतून पाहिलं. 'सरी', बरं, एवढंच म्हणाला कन्नडात. चहा प्यायला आणि गेला."

"ते गंभीरपणे विचारताहेत असं तुम्हाला वाटलं नाही?"

"चोविसाव्या वर्षी केलेली थट्टा होती गं ती."

"नियम करताना शेवटच्या सदस्याचं काय, हे ठरलं नव्हतं?"

"नाही. नऊ इंजिनिअर बसलो होतो. शेवटी कोणीतरी एकटा उरणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही."

मी घरी आले तेव्हा आई वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ऐकलेले सगळे मी तिला क्रमाने सांगितले. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे बाई नव्हती."

"नव्हती."

"असती तर भांडता तरी आलं असतं." तिने आणखी एक वाटी गुंडाळली. "आणि शेवटची वीस वर्षं ते मंडळ कोणाचं होतं?"

"बाबांचं. एकट्याचं."

"एकट्याचं, आणि तरी गुप्त."

तिने माझ्या हातातून अंगठी घेतली, डोळ्यांजवळ धरून कापलेल्या जागी एकवार पाहिली आणि चमच्यांच्या डब्यात टाकली. डब्यावर मिरज असे लिहिलेले होते.

आईला हवे असलेले कारण असे आहे. जडत्व मंडळाच्या नियमानुसार बेंगळुरू सोडणाऱ्या सदस्याने आपली अंगठी दुसऱ्या सदस्याच्या हातात देणे आवश्यक होते. २००४ नंतर दुसरा सदस्य नव्हता. म्हणून माझ्या वडिलांनी बेंगळुरू सोडले नाही.