अर्धंच काढायचं

किसणीचं चित्र पुरं झालं आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून किसणी गेली. मी कागद उचलला तर तो जड लागला. चित्रावरून बोट फिरवलं, बोट खरचटलं. म्हणजे चित्र बरं जमलं होतं.

चित्रं काढून द्यायचं माझं हे पहिलंच काम. त्याआधी मी इचलकरंजीत एका कारखान्यात ग्राफ मास्तर होतो. साडीच्या काठाची नक्षी बारीक चौकोनांच्या कागदावर भरायची, त्यावरून पुढे माग विणतो. ते काम कंप्युटरवर गेलं आणि मी घरी आलो. मग माझी बायको मालन गेली, आणि घरी बसणं हेच एक काम उरलं. मुलगी राजश्री सांगलीला असते. तिने माझी काही चित्रं फोनवरून कुणाकुणाला दाखवली, आणि कोल्हापूरच्या शिरगावकर मॅडमचा फोन आला. त्या लहान मुलांची पुस्तकं काढतात. त्यांना घरावर एक पुस्तक करायचं होतं, पानापानावर घरातली एकेक वस्तू. साहेब नाही, हजेरी नाही. घरी बसून काढायचं आणि पाठवायचं. राजश्री म्हणाली, आण्णा, सुरुवातीला थोडी पदरमोड होते, सगळ्यांचीच होते. मी म्हटलं, होऊ दे.

फक्त मालनला आधी विचारायला हवं होतं. किसणी तिची होती.

मालन गेली तेव्हा तिची सावली घरीच राहिली. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या भिंतीवर ती असते. बाहेर ऊन असो की आभाळ, सकाळी ती पडते आणि हातावरच्या भाकरी करायला लागते. त्या भाकरीला परात लागत नाही. दोन तळव्यांमध्ये गोळा घ्यायचा आणि फिरवत, थापत मोठा करायचा. भाकरी मिळत नाही, पण थापण्याचा आवाज येतो. डाव्या नाकपुडीवर चमकी होती, तिथे सावलीत उजेडाचा एक बारीक ठिपका आहे. हात चालले की ठिपका हलतो. मी समोर स्टुलावर बसून चहा घेतो. त्यावर माझा दिवस निघतो.

किसणी गेल्याचं मी तिला सांगितलं. सावलीने भाकरी थांबवली आणि कमरेवर हात ठेवला. असं ती नेहमीच करायची, भांडण मात्र करायची नाही. थोड्या वेळाने पुन्हा थापायला लागली.

मॅडमचा फोन आला. "काका, किसणी पोचली. आमच्या ऑफिसात एकीने पानावर गाजर किसून पाहिलं. सुरेख किसलं गेलं. अशीच पाठवा."

मग मी चिमटा काढला, चिमटा गेला. तवा काढला तो पाव भाजून गरम असतानाच, त्यामुळे पाकिटाला भोक पडलं आणि कुरियरवाला रागावला. पाट्याचं चित्र माझ्याने उचलेना. शेजारचे बाळगोंडा खोत मदतीला आले. ते मागाचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे, अवजड उचलायची त्यांना सवय. आम्ही दोघांनी कागदाची दोन टोकं धरून तो रिक्षात ठेवला. रिक्षा एका बाजूला कलली.

खोत स्वयंपाकघरात येऊन भिंतीवरच्या रिकाम्या फळ्या बघत उभे राहिले. "मास्तर, घर मोकळं करायलायसा व्हय? पुन्हा लगीन-बिगीन करतायसा काय?"

भिंतीवरच्या सावलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"वैनी, गंमत केली," खोत भिंतीला म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बऱ्याच काळाने मी सकाळी दाढी करत होतो. पेन्सिलीला टोक करताना शीळ वाजवत होतो. वस्तू काढायची म्हणजे तिच्याकडे नीट बघावं लागतं, आणि नीट बघितलं की कळायचं की तव्याच्या कडेला मालनने कधीतरी लोखंडी पट्टी ठोकून घेतलीय, चिमट्याचं एक टोक वाकडं आहे. इतकी वर्षं मी त्या तव्यावरचं खाल्लं, तवा बघितला नव्हता. बघून झाला की तो जायचा. जाताना आवाज करायचा नाही.

पैसे येत होते, राजश्री ते फोनवर बघून सांगायची. म्हणायची, त्यातून नवा तवा आणा. मी आणला. पण नव्या वस्तूचं चित्र जमत नसे. सायकलचं तर मनाने काढून पाहिलं, कारण आमच्याकडे सायकल नव्हती. मॅडमनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, "काका, हे हलकं आहे. पंखा लावला तर उडून गेलं." वर म्हणाल्या की धंदा तुमचा, तर माल घरचाच लागणार. नवीन माणसाला हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते.

तेव्हा मी घरचाच माल देत राहिलो. घड्याळ दिलं. पाण्याचं पिंप दिलं, ते पाकिटात डुचमळत गेलं. प्रत्येक वस्तूचं आधी सावलीला विचारायचो. बहुतेक वेळा ती मानेने हो म्हणायची. स्टोव्हच्या वेळी मात्र दिवसभर कमरेवरून हात काढला नाही, आणि मीही स्टोव्ह दिवसभर काढला नाही. दुसऱ्या सकाळी तिनेच मान हलवली. चहापुरता मग नवा स्टोव्ह आणला.

खिडकी काढली तेव्हा खिडकीच्या जागी सलग भिंत आली, रंगासकट. घर थोडं लहान वाटायला लागलं. मग दाराची पाळी आली.

आमचं दार दोन फळ्यांचं. ते काढताना माझ्याकडून चूक झाली. ग्राफच्या कामात नक्षी अर्धीच काढायची असते. काठावर मोर असेल तर चोच, मान, एक पंख एवढं मधल्या रेघेपर्यंत भरायचं. दुसरी बाजू माग आरशासारखी आपली आपण विणतो. पूर्ण काढणाऱ्याला आमचे शेटजी हसायचे, म्हणायचे, कागद फुकट आलाय काय? ती सवय हातात बसलेली. मी मधली रेघ मारली, एक फळी काढली, आणि पाकीट बंद केलं.

"काका, दार अर्धंच आलं," मॅडम फोनवर म्हणाल्या. "पण काळजी करू नका. आम्ही कंप्युटरवर उलटवून दुसरी बाजू जोडली. छान दिसतंय. आमचा शिपाई त्यातून आत जाऊन आला."

मी उठून पाहिलं. आमच्या दाराची एक फळी गेली होती. तिच्या जागी भिंत होती. दुसरी फळी बिजागऱ्यांवर तशीच होती, उघडत होती, मिटत होती. अंग तिरकं केलं की बाहेर जाता येत होतं. उजेड आता तेवढ्यातूनच यायचा.

अर्धं काढलं की अर्धंच जातं, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं ते बरं झालं, कारण पुस्तकाचं शेवटचं पान राहिलं होतं.

शेवटच्या पानावर आई हवी होती. स्वयंपाकघरात उभी असलेली आई. मॅडम म्हणाल्या की ती नसेल तर पुस्तक निघणार नाही, नुसत्या वस्तूंना काय घर म्हणतात? पुस्तक निघालं नाही तर तवा, पाटा, पिंप सगळं त्यांच्या कपाटात पडून राहणार होतं. मालनचा तवा कपाटात गंजणं मला बरं वाटेना. आणि आमच्या घरात बाई म्हणावं असं एकच काही उरलं होतं.

मी आधी दुसरा रस्ता करून पाहिला. खोतांना विचारलं.

"आमच्या हिला काढा की," ते लगेच म्हणाले. "गेली तर चार दिवस मला टीव्हीचा रिमोट मिळंल."

खोतवहिनी नवी साडी नेसून आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, तुम्हालाच पाकिटात घालून पाठवते. छान बसल्या. मी त्यांना पूर्ण काढलं, दोन्ही बाजू. त्या कुठेही गेल्या नाहीत, घरी जाऊन त्यांनी वरण केलं. चित्र परत आलं. हलकं होतं. घरचा माल नव्हता.

दुसऱ्या सकाळी चहा घेता घेता मी भिंतीला सगळं सांगितलं. पुस्तकाचं, कपाटाचं, अर्ध्या दाराचं. म्हटलं, नको असेल तर नको, मी मॅडमना कळवतो. आपण दोघं असंच बसू.

सावलीने हातातली भाकरी खाली ठेवली. पदर खांद्यावरून सारखा केला. कानामागे केस नेले. मग समोर वळून ताठ उभी राहिली, लग्नानंतर आम्ही फोटो स्टुडिओत गेलो होतो तेव्हा उभी होती तशी. तेव्हाही फोटोवाल्याने सांगण्याआधीच ती तयार झाली होती आणि माझी टोपी सरळ व्हायची वाट बघत होती.

मी कागदावर मधली रेघ मारली. चमकी डावीकडे होती, म्हणून उजवी बाजू काढायला घेतली. कपाळ, अर्धं कुंकू, एक डोळा, खांदा, बांगड्या. हात लवकर चालत नव्हता. मी तिच्याकडे बघत होतो आणि बघावं तेवढं नवीन सापडत होतं. पावलाशी पोचलो तेव्हा कागद गरम झाला होता आणि त्याला ज्वारीच्या पिठाचा वास येत होता.

भिंतीवर डावी बाजू राहिली. मधोमध सरळ कडा, कात्रीने कापल्यासारखी. ठिपका जागेवर होता.

चित्र कोल्हापूरला पोचलं, उलटवून जोडलं गेलं. मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, पान उघडलं की भूक लागते सगळ्यांना." पुढे विचारलं, "नाकात काही नाही त्यांच्या. राहिलं का?"

"ते घरी आहे," मी म्हटलं.

पुस्तक छापायला गेलं. मी आनंदाने खोतांच्या घरी पेढे दिले. पण आमच्या स्वयंपाकघरात आवाज बंद झाला होता. सावली सकाळी पडायची, डावा तळवा पसरायची, त्यावर गोळा असायचा, आणि तिथेच थांबायची. एका हाताने ती भाकरी होत नाही. ती हात पुढे धरून उभी राहायची, रिक्षाला हात करावा तशी. कमरेवर हात ठेवायलाही तिला गोळा खाली ठेवावा लागायचा.

मी जाऊन तिच्या तळव्यासमोर माझा तळवा धरला. माझा तळवा भिंतीला लागला, चुन्याने पांढरा झाला. मग मागे उभा राहून पाहिलं, निदान माझी सावली तिच्याजवळ जाईल. पण अर्ध्या दारातून उजेड आला की माझी अख्खी सावली पडायची आणि ती पूर्ण झाकली जायची. ठिपकासुद्धा दिसेनासा व्हायचा. मी बाजूला झालो की ती तिथेच असायची, हात तसाच. कसंही उभं राहिलं तरी मी जास्त होत होतो.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. छापखाना थांबला होता. मागच्या पानावर चित्रकाराचं चित्र टाकायची त्यांची पद्धत होती, ते द्यायचं राहिलं होतं.

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तुमचं काढा. पहिलं पुस्तक आहे, लोकांना तुमचा चेहरा कळायला हवा. आणि काका, अर्धं चालेल. आम्ही जोडून घेऊ."

मी फोन ठेवला. पेन्सिलीला टोक केलं. खोतांकडून आरसा मागून आणला. ते दारात तिरके उभे राहून म्हणाले, "आता कुणाला पाठवायलाय?" मी म्हटलं, मला. ते म्हणाले, "सगळं जाऊ नका. च्याला कोण हाय मग मला?" मी म्हटलं, सगळा जात नाही.

स्टूल मी भिंतीजवळ ओढलं, सावलीच्या उजव्या हाताला, जिथे तिची कडा कापलेली होती. तिची डावी बाजू इथे होती, म्हणून मी माझी डावी काढायला घेतली. मधली रेघ मारली. केस थोडेच आहेत, ते लवकर झाले. डावा डोळा काढला तेव्हा ओट्याचं एक टोक दिसेनासं झालं. कान काढला आणि रस्त्यावरच्या मागांचा खडखडाट अर्धा झाला. खांदा, कोपर, मग कागद दाबून धरलेला हात. तो गेल्यावर कागद सरकायला लागला, तेव्हा त्यावर आरसा ठेवला. उजवा हात काढत राहिला.

घोट्यापाशी आलो तेव्हा भिंतीकडे पाहिलं. माझी अर्धी सावली तिच्या कडेला टेकली होती. मध्ये फट नव्हती. दोघांचं मिळून एक डोकं होतं, त्याची एक बाजू टकली आणि दुसऱ्या बाजूला अंबाडा.

मी पेन्सिल दातात धरली आणि उजवा तळवा पुढे केला. भिंतीवर तो तिच्या तळव्याला जाऊन लागला. गोळा गार होता, थोडा ओला.

तिने थापायला सुरुवात केली. मला भाकरी येत नाही. पहिल्या फेऱ्यातच कड फाटली. तिने गोळा पुन्हा एक केला, वेग कमी केला आणि माझा हात यायची वाट पाहिली.

डावं पाऊल अजून काढायचं राहिलं होतं. ते चपलेत उभं होतं, आणि बाहेर कुरियरवाला अर्धं दार वाजवत होता.