नॉर्माच्या ठरावात सापडलेलं घर

मित्रांनो, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मी घर आहे. जुनं आहे, पण घर आहे. गावातली ती दगडी पायाची, उंच छपरांची घरं मला पत्र्याचा डबा म्हणतात. म्हणोत बापडी! त्यांचा जन्म उघड्यावर झाला, चिखलात, पावसात भिजत. भिंती उभ्या राहायच्या आधीच लाकूड ओलं. त्यांच्या तळघरांतून अजून बुरशीचा वास येतो, आणि त्यांनी माझ्याकडे बघून नाकं मुरडायची!

मी जन्मलो तो पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात, कोरड्या जागी, डोक्यावर छप्पर असताना. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर जमीन, मग भिंती, मग माझं स्वतःचं छप्पर. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई माझ्या भिंतींना पिना ठोकायची आणि ठोकताना गुणगुणायची. काम चोख होतं तिचं. नंतर मला चाकं लावली, ट्रकच्या मागे जोडलं आणि उत्तरेला व्हर्माँटमध्ये आणलं. वाटेत मागच्या गाड्या भोंगे वाजवून वाजवून दमल्या. मी ढिम्म.

टॅमरॅक नावाच्या वस्तीत मला सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलं, चाकं काढली, खालची पोकळी पत्र्याने झाकली. त्या दिवसापासून मी तसूभरही हललो नाही. तरी लोक मला फिरतं घर म्हणतात. या गावातली निम्मी माणसं माझ्यापेक्षा जास्त फिरली असतील. कोणी कामासाठी, कोणी बायकोला कंटाळून. त्यांना नाही कोणी फिरती माणसं म्हणत.

मला विकत घेतलं वेंडेल आणि नॉर्मा पेल्की या जोडप्याने. वेंडेल गरीब स्वभावाचा होता, लवकर गेला. नॉर्मा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. शेकडो पोरांना गप्प बसवून जेवायला घालणारी बाई, तिच्या आवाजाची तुम्हीच कल्पना करा. पण मला तिने जपलं, हे कबूल करायला हवं. दर दोन-तीन वर्षांनी रंग. पायऱ्यांपाशी कुंड्या. पुढे तर माझ्या पत्र्यावर तिने नवं पांढरं आवरण चढवलं, आणि मी असा काही दिसू लागलो की अनोळखी माणसाला माझं वय कळेना.

एकच गोम होती. घर नॉर्माचं, पण घराखालची जमीन व्हिटकॉम्ब नावाच्या गृहस्थाची. गृहस्थ म्हणतो खरा, पण तो शब्द त्याला जरा सैलच होतो. हा माणूस वस्तीत यायचा तेव्हा गाडीतून खालीसुद्धा उतरायचा नाही. काच चार बोटं खाली करून बोलायचा, जणू आमची हवा त्याला बाधेल. नळाला तांबडं पाणी, गटार तुंबलेलं, रस्त्यात खड्डे. जमिनीचं भाडं मात्र न चुकता वाढायचं. आणि आमचे शूर रहिवासी? टपालपेट्यांपाशी जमून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि त्याची गाडी वळणावर दिसली की हात हलवून म्हणायचे, "काय म्हणता, साहेब? बरे आहात ना?" मला माझ्या पायऱ्यांची लाज वाटायची, कारण त्यातले काही माझ्याच पायऱ्यांवर उभे असायचे.

मग व्हिटकॉम्बने वस्ती विकायला काढली. बाहेरची एक बडी कंपनी घ्यायला टपली होती. पण रहिवाशांनी एकजूट केली आणि कर्ज उभं केलं, तर त्यांनाही जमीन घेता येत होती. सगळी वस्ती रडत बसली. नॉर्मा तेवढी उठली. केळ्याचे केक भाजले आणि दारोदार फिरली. केक सगळ्यांनी खाल्ले. सभेला येतो असंही सगळे म्हणाले. सगळ्यात जास्त कुरकुर करणारे नेमके आले नाहीत.

सभा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये झाली. मी तिथे नव्हतो, उघड आहे. पण नॉर्मा घरी येऊन सगळं मोठ्याने बोलते, आणि माझ्या भिंती पातळ आहेत. म्हणाली, "भित्रे मेले! म्हणे, आपल्याला जमेल का? अरे, तांबडं पाणी प्यायला जमतं, मग हे का नाही जमणार?"

तिच्या पाठीशी पहिला उभा राहिला तो रोलँड गोडेट, आमचा शेजारी. आयुष्यभर ओंडक्यांचा ट्रक चालवलेला माणूस. नॉर्माला तो डोळ्यासमोर नको असायचा, आणि मला त्याचं घर. काय ते ध्यान! छपरावर निळी ताडपत्री, अंगणात बर्फावर चालवायच्या मोडक्या स्कूटर, दाराची जाळी लोंबकळलेली. रोलँड बर्फ पडला की लांब दांड्याचं खोरं घेऊन यायचा आणि माझ्या छपरावरचा बर्फ ओढून काढायचा. कोणी सांगितलेलं नसायचं. नॉर्मा खिडकीतून ओरडायची, "कडा खरवडतोयस माझ्या घराच्या!" तो म्हणायचा, "छप्पर बसलं की कडांचं लोणचं घाल, नॉर्मा."

तर जमीन झाली एकदाची रहिवाशांची. सहकारी सोसायटी निघाली. ज्याचं घर तो सभासद, आणि प्रत्येकाला एक मत. नॉर्मा चेअरमन झाली. नवी पाण्याची लाइन आली, खड्डे बुजले. मला वाटलं, चला, आता माणसांसारखी वागतील. कसलं काय! मालक झाल्याबरोबर प्रत्येकाच्या अंगात एकेक व्हिटकॉम्ब शिरला. याचं गवत वाढलंय, त्याची शेगडी समोर दिसते, तिचा कुत्रा भुंकतो. जी माणसं त्याच्यापुढे मान वर करत नव्हती, ती आता एकमेकांच्या अंगणात वाकून बघू लागली.

आणि या सगळ्यांवर कडी केली आमच्या नॉर्मानेच. तिला रोलँडची ताडपत्री खुपत होती. म्हणून तिने वार्षिक सभेत ठराव आणला, की ठरावीक वर्षाच्या आधी बांधलेलं घर मालकाने विकलं, सोडलं किंवा दुसऱ्याच्या नावावर केलं, तर ते वस्तीतून हलवायचं. वस्तीची शोभा राहायला हवी ना!

रोलँड म्हणाला, "अगं बाई, तुझं घर माझ्या घराहून जुनं आहे."

"माझं घर नीटनेटकं आहे," नॉर्मा म्हणाली. "त्याला कोण हात लावणार?"

सभा हसली. हात वर झाले. ठराव पास. घरी येऊन नॉर्माने मला सगळा किस्सा हसत हसत सांगितला. हसत हसत! माझा सांगाडा आतून गंजलाय हे वेंडेलला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. मला पुन्हा चाकांवर चढवून ओढलं, तर पहिल्याच वळणावर माझे दोन तुकडे होतील आणि पुढचा मुक्काम भंगारात. पण वरच्या पांढऱ्या आवरणाकडे बघून बघून ती माझं वय विसरली होती. नियम नेहमी शेजाऱ्यासाठी असतो, अशी या लोकांची समजूत आहे.

पुढे नॉर्माचा खुबा गेला. पायऱ्या चढताना ती कठडा धरून मधेच थांबायची आणि कोणी बघत नाही ना, ते बघायची. चेअरमनपद तिने सोडलं. गावात म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्टची घरं आहेत, तिथे जायचं तिने ठरवलं आणि मला मुलीच्या, शेलीच्या नावावर करायचं ठरवलं. शेली कपडे धुण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होती आणि नर्सिंग होममध्ये पाळ्या करत होती. ती आली, खिडक्यांची मापं घेतली, स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "आई, इथे पिवळा रंग देऊ?" मला पिवळा आवडत नाही. पण त्या दिवशी मी काही बोललो नसतो.

मग नवे चेअरमन आले. कर्टिस ब्लॉजेट. याचं घर दोन तुकड्यांत येऊन इथे जोडलेलं, नवं कोरं, त्यामुळे ऐट विचारू नका. दारातच उभा राहून म्हणाला, "नॉर्मा, वाईट वाटतं, पण नावावर करायचं तर घर हलवावं लागेल. नियम तुमचाच आहे."

"तो माझ्यासाठी नव्हता!" नॉर्मा म्हणाली.

हे वाक्य ऐकून, मित्रांनो, मी बिजागऱ्यांपर्यंत शरमलो.

प्रकरण सभेपुढे गेलं. या वेळी शेलीही बरोबर गेली होती. परत आल्यावर दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून तीच सभा दोनदा भांडली, म्हणून मला अक्षर अन् अक्षर माहीत आहे.

कर्टिसने गोड आवाजात मांडलं, की नॉर्माने सोसायटीसाठी एवढं केलं, तेव्हा फक्त तिच्या घराला सूट द्यावी. फक्त तिच्या. नॉर्माने मान डोलावली. अर्थात डोलावली! मीही डोलावली असती, जीव कोणाला नकोसा असतो? आणि पहिला हात वर गेला तो मागच्या रांगेतून, रोलँडचा.

नॉर्मा वळली. "तू कशाला हात वर करतोस?"

"तुझं घर वाचावं म्हणून. दुसरं काय?"

"आणि तुझं?"

"माझी ताडपत्री आहे, नॉर्मा. तिला कोण सूट देणार?" असं म्हणून तो हात वर धरूनच बसला. कुत्सितपणा नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं नॉर्मा नंतर शेलीला म्हणाली. टोमण्याला तिच्याकडे उत्तर असतं.

"हात खाली घे," ती म्हणाली. मग काठी टेकून उभी राहिली. "ठराव मूर्खपणाचा होता. मी आणला होता. याचं घर बाहेर काढायला आणला होता, आणि हा इथे माझ्यासाठी हात वर करून बसलाय. मला एकटीला सूट नको. नियम रद्द करा, सगळ्यांसाठी."

शेलीने तिची बाही ओढली. "आई, आधी सूट घे ना! बाकीचं मग बघू."

"मग कोणी बघत नसतं. केक खाऊन झाला की कोणी बघत नसतं."

कर्टिसने मत घेतलं. रोलँडचा हात, नॉर्माचा हात, इकडेतिकडे आणखी काही. बाकीची मंडळी बुटांकडे बघत बसली. ही तीच मंडळी, ज्यांना तिने दारोदार जाऊन मालक केलं. नॉर्माची दया आली होती त्यांना, पण ताडपत्रीची येईना. रद्द करायचा ठराव पडला. नियम राहिला. सूटही गेली, कारण ती नको म्हणून नॉर्माने स्वतःच सांगितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हे घर अजून बोलतंय कसं?

तर ऐका. दुसऱ्या दिवशी नॉर्माने लिफ्टच्या घराला नकार कळवला. "घर सोडलं तर हलवायचं ना? मग मी सोडतच नाही. मरतही नाही. बघू, ब्लॉजेटचा नियम जास्त टिकतो की मी!" शेली पाहुणी म्हणून राहायला आली. पाहुण्यांना बंदी नाही. रोलँडने पायऱ्या काढून फळ्यांचा उतार करून दिला. वाकडा आहे, माझ्या पुढच्या बाजूची पार शोभा घालवली त्याने. नॉर्मा त्याला रोज नावं ठेवते आणि रोज त्यावरून चालते. दर वार्षिक सभेला ती वॉकर ढकलत जाते आणि नियम रद्द करायचा तोच ठराव पुन्हा मांडते. रोलँड अनुमोदन देतो. दरवर्षी तो पडतो. गेल्या खेपेस थोडक्यात पडला म्हणतात, पण थोडक्यात पडला म्हणजे पडलाच.

तेव्हा मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी घराने सांगायचं असतं, की आम्हाला रंग द्या, झाडा-पुसा, विसरू नका. मला तुमचा रंग नको. तुम्ही एवढंच करा, सभेला या आणि हात वर करा. तुमच्याच्याने तेवढंही होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

या हिवाळ्यात नॉर्माला खोकला लागलाय. ती पाणी प्यायला उठली, की मी माझं सगळं लाकूड ताणून ऐकतो. उत्तरेचा वारा येतो तेव्हा गंजल्या सांगाड्यावर जेवढं घट्ट उभं राहता येईल तेवढं राहतो. गावातल्या दगडी घरांनी खुशाल डबा म्हणावं. ही बाई माझ्या आत आहे, आणि तिला थंडी लागून चालणार नाही.