निकाल एकट्याने बघायचा नाही

फ्रीगंजात टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत, एका औषधाच्या दुकानावर अहल्याताईंची खोली होती. खोली तशी इथल्या मराठी समाजाची, कार्याची भांडी आणि सतरंज्या ठेवायला घेतलेली. पण चार वर्षांपासून तिथे दहावी नापास पोरांचा वर्ग भरायचा, म्हणून सगळे तिला ताईंची खोलीच म्हणत. दारावर 'तरुण साहाय्य केंद्र' अशी पाटी होती, ती कोणी वाचत नसे. पोरं सरळ 'नापासांचा क्लास' म्हणायची. ताईंनाही त्याचं काही वाटत नसे. नापास झालात म्हणून आलात, पास झालात की चालू लागा, असं त्या तोंडावर सांगायच्या.

शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेली बाई, जिभेला हाड नाही. पण नियम म्हणाल तर फार नव्हते. उशीर झाला तरी या, वही विसरलात तरी या, घरी भांडून आलात तर आधी पोहे खा आणि मग गणिताला बसा. कोणी रडत असेल तर त्याच्याजवळ बसा. बोलायला सुचलं नाही तर नुसतं बसा. कडक नियम एकच होता: निकाल एकट्याने बघायचा नाही. निकालाच्या दिवशी सकाळी सातला सगळ्यांनी खोलीवर जमायचं. पेपर ताईंच्या हातात, आणि ताई पट्टी लावून एकेकाचा नंबर शोधणार. पास झाला तर पेढा. नाही झाला तर ताई त्याच्याबरोबर घरी जाणार आणि बापाशी आधी त्याच बोलणार.

हा नियम आला तात्यांच्या घरातून. तात्या रेल्वेतले जुने टी.सी. त्यांचा नातू अनिकेत दहावीला बसला, तेव्हा पहाटेच स्टेशनवर जाऊन त्याने एकट्याने पेपर उघडला. नंबर नव्हता. समोर जी गाडी उभी होती, तिच्यात पोरगा चढला, आणि आठ महिने पत्ता नाही. शेवटी भुसावळला एका ढाब्यावर कपबश्या विसळताना सापडला. तात्यांनी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी समाजाकडे खोली मागितली आणि शिकवायला अहल्याताईंना गाठलं. अनिकेत हा वर्गाचा पहिला विद्यार्थी. पास होऊन तो आता स्कूटरच्या गॅरेजात कामाला होता, आणि निकालाच्या दिवशी सुट्टी काढून पेढे आणायचं काम त्याच्याकडे होतं.

१९९४ च्या निकालाला वर्गात बावीस पोरं होती. सकाळी सातला जिन्याखाली चपलांचा ढीग पडला. ताईंनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि पेपर सतरंजीवर पसरला. पेपरात नुसते नंबर: वर फर्स्ट डिवीजन, मग सेकंड, मग थर्ड, आणि तळाला सप्लिमेंटरी, म्हणजे राहिलेल्या विषयाची पुन्हा परीक्षा. जो कुठेच नाही तो गेला. या वर्गाचं भाग्य बहुतेक थर्डमध्येच असायचं, तेव्हा ताईंची पट्टी तिथूनच सुरू व्हायची. रोहनचा नंबर थर्डमध्ये मिळाला नाही, तेव्हा त्या वर सेकंडमध्ये गेल्या, आणि तो तिथे होता. रोहन मुळात हुशार, मागच्या साली टायफॉइडमुळे राहिलेला. साडेआठपर्यंत एकवीस नंबर झाले. अठरा पास, तिघांना सप्लिमेंटरी. एकही नापास नाही. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बाविसावी अंबिका. ती आलीच नव्हती.

ताईंनी तिचा नंबर काढला आणि थर्डमध्ये पट्टी लावली. वरून खाली, मग खालून वर. नाही. मग खाली सप्लिमेंटरीत उतरल्या. तिथेही नाही. त्यांनी पेपराची घडी घातली, आणि तात्यांना तेवढ्यावरून कळलं. पोरं पेढे खात होती, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. ताईंनी अनिकेतला बाहेर बोलावलं आणि स्कूटर काढायला सांगितलं.

अंबिका शोभाची मुलगी. शोभा फ्रीगंजातच साड्यांना फॉल-पिको करून द्यायची आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मायलेकी राहायच्या. पोर दोनदा नापास झालेली. गणितात पहिल्यांदा अकरा, दुसऱ्यांदा चौदा मार्क. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. ताईंचा तिच्यावर जीव. रविवारी वर्गाला सुट्टी असली तरी तिला एकटीला बोलावून त्या बीजगणित घ्यायच्या, आणि इतक्या वेळा तेच तेच समजावून सांगायच्या की खालच्या औषधवाल्याचंही बीजगणित सुधारलं असेल.

शोभा मशीनवर होती. "ती तर पाचलाच गेली," ती म्हणाली. "ताईंकडे निकाल आहे म्हणाली. का हो, पोचली नाही?"

"अहो, मीच आज लवकर बाहेर पडले. चुकामूक झाली असेल," ताई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. शोभाने मशीन थांबवली नाही, म्हणजे तिला ते खरं वाटलं, आणि ताईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"ताई, आधी स्टेशन," अनिकेत म्हणाला. "मी तिथेच गेलो होतो. तुम्ही मागे घट्ट बसा, मी जरा जोरात घेऊन राहिलो."

स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याला आठवत होतं. "हाँ, थी एक लड़की, हरी चुन्नीवाली. साढ़े पाँच के आसपास. पेपर लिया, उधर बेंच पे बैठी और रोने लगी. मैंने कहा बेटा, पानी लाऊँ? तो उठके चल दी. पुल की तरफ."

पूल म्हणजे रुळांवरचा फ्रीगंजचा पूल. ताईंनी मनात आलेलं ओठावर येऊ दिलं नाही. अनिकेतने पुलावरून स्कूटर हळू नेली आणि दोघांनी कठड्याखाली बघितलं. खाली एक मालगाडी शांतपणे उभी होती, आणि रुळांवरून दोन बाया पाट्या घेऊन चालल्या होत्या. मग दोन्ही प्लॅटफॉर्म बघितले, वेटिंग रूम बघितली, देवास गेटचा बसस्टँड बघितला. शेवटी दोघांपैकी कोणीही नाव न घेता स्कूटर रामघाटाकडे वळली.

जूनचा महिना, क्षिप्रेला पाणी बेताचंच. यात्रेकरू आंघोळी करत होते, पंडे संकल्प सांगत होते. ताईंनी फुलवालीला विचारलं, नावाड्याला विचारलं, कपडे सांभाळत बसलेल्या म्हातारीला विचारलं. हिरव्या ओढणीची मुलगी कोणी बघितली नव्हती. बघितली नव्हती हे चांगलं की वाईट, तेही कळेना. ताई पायरीवर बसल्या आणि त्यांना ती संध्याकाळ आठवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शोभा दारात येऊन विचारत होती, "होईल ना हो हिचं?" आणि ताई म्हणाल्या होत्या, "अहो, थर्डमध्ये निघाली तरी आपण सुटलो समजा. फार आस नका धरू." शोभाला दिलासा द्यायला म्हणाल्या होत्या. अंबिका चार हातांच्या अंतरावर सतरंजी गुंडाळत होती. तिने मान वर केली नव्हती, पण हात क्षणभर थांबले होते. ताईंना ते तेव्हा दिसलं होतं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

"माझ्या जिभेला आग लागो," ताई म्हणाल्या, आणि अनिकेतसमोर ढसढसा रडल्या. चार वर्षांत त्याने त्यांना रडताना बघितलं नव्हतं. तो त्यांच्याशेजारी बसला. जरा वेळाने म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी गाडीत बसलो नं, तर पूर्ण रस्ताभर वाटून राहिलं होतं की कोणीतरी मागून हाक मारेल. तुम्ही उठा. आपण खोलीवर एक चक्कर मारू, मग पुन्हा निघू. ती आपल्याला नाही मिळाली तर आपण तिला मिळायला पाहिजे."

हरसिद्धीच्या देवळावरून जाताना ताईंनी स्कूटरवरूनच हात जोडले. काय बोलल्या ते देवीला ठाऊक.

अकरा वाजले होते. पोरं पांगली होती आणि जिन्याखाली तात्यांच्या वहाणांशिवाय चपलांचे फक्त दोन जोड होते. त्यातल्या एका चपलेचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला. तो शोभाच्या मशीनचा दोरा होता. ताईंनी ती चप्पल वर्षभर त्या जिन्याखाली बघितली होती. त्यांनी कठड्याला धरलं आणि पहिल्याच पायरीवर बसकण मारली. "आहे," त्या म्हणाल्या. "अनिकेत, आहे रे ती." अनिकेत नुसता हसला, आणि ताईंना उठवायला त्याने हात पुढे केला.

वर तात्या स्टोवर चहा टाकत होते. अंबिका भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून दुसरीच एक मुलगी. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"तुम्ही गेलात आणि तासाभरात ह्या दोघी हजर," तात्या म्हणाले. "तुम्हाला कळवणार कसं? स्कूटरला काय टेलिफोन आहे?"

ताईंना अंबिकेला मिठीत घ्यायचं होतं, आणि एक ठेवूनही द्यायची होती. दोन्ही जमलं नाही. "कुठे होतीस?" एवढंच निघालं.

"जयूकडे. आधी आमच्या शेजारी राहायची, आता पुलापलीकडे. दुसऱ्या शाळेतली." अंबिकेने खांद्यावरच्या डोक्याकडे बघितलं. "हिचा नंबर मला पाठ होता. पेपरात नव्हता. हिचे आईबाबा लग्नाला देवासला गेलेत, घरी ही एकटी. मी जाऊन सांगितलं तर आतून कडी लावून घेतली हिने. तीन तास."

"आणि तू काय केलंस?"

"काही नाही. दाराबाहेर बसले. बोलायला सुचलं नाही तर नुसतं बसा, असं तुम्हीच म्हणता ना. साडेनऊला हिने दार उघडलं, मग इकडे घेऊन आले. आपल्या वर्गातली नाही ही, ताई, पण एकटी होती."

स्वतः नापास झालेली पोर दुसरीच्या दाराशी तीन तास बसते. त्या तिच्यासमोर सतरंजीवर बसल्या. "अंबिके, तुझ्या नंबराचं तू वाईट वाटून घेऊ नकोस. आपण पुन्हा—"

"मी पास झाले ताई," अंबिका म्हणाली.

"अगं, मी थर्डमध्ये दोनदा बघितलं."

"सेकंडमध्ये आहे."

ताईंनी घडी केलेला पेपर ओढला, पट्टी घेतली. अंबिकेने बोट ठेवलं. होता नंबर, अगदी ठळक, रोहनच्या नंबरापासून चार ओळींवर. सकाळी ताईंची पट्टी त्याच्या इतक्या जवळून गेली होती. रोहनसाठी त्या वर गेल्या होत्या. अंबिकेसाठी खाली.

"म्हणून पहाटेच गेले," अंबिका हळूच म्हणाली. "नियम मोडला, चुकलंच माझं. पण तुम्ही थर्डमध्ये पट्टी फिरवताना मला तुमचा चेहरा बघायचा नव्हता. पेपरात सेकंडमध्ये दिसला, तर मी रडलेच तिथे. पेपरवाला पाणी आणू का म्हणून विचारत होता."

ताईंना सबबी सुचल्या असत्या. घाई होती, अक्षर बारीक होतं, वर्गाचे नंबर नेहमी तिथेच असतात. एकही सांगितली नाही. "मी वर बघितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी शिकवलं, आणि मीच बघितलं नाही. नियम तू नाही मोडलास. माझ्यामुळे मोडला." आणि मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. अंबिका आधी अवघडली. मग तिनेही ताईंच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत राहिली, दाराबाहेर बसलेल्या माणसाच्या धीराने.

अनिकेत शोभाला घेऊन आला. तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच होती. "सेकंड डिवीजन," ताईंनी तिला दारातच सांगितलं.

"थर्ड म्हणायचंय तुम्हाला," शोभा म्हणाली.

"नाही. सेकंड. माझीही हीच चूक झाली."

शोभा पदर तोंडाला लावून आधी हसली, मग रडली. तात्यांनी चहा गाळला. पेढे सकाळीच संपले होते, तेव्हा अनिकेत पोहे-जिलबी आणायला पळाला. जयू मात्र कोपऱ्यात सरकून बसली होती, दुसऱ्यांच्या आनंदात आपलं काय करावं हे न कळून.

ताईंनी पेपर पुन्हा पसरला. "जयू, इकडे ये. नंबर सांग."

"तो नाहीये. अंबिकेने बघितलाय."

"सांग तर."

जयूने सांगितला. ताईंनी पट्टी उचलली आणि सगळ्यात वर, फर्स्टच्या पहिल्या ओळीवर ठेवली.

जयूला त्याही अवस्थेत हसू आलं. "फर्स्टमध्ये कशाला बघताय?"

"तिथूनच बघायचं असतं," ताई म्हणाल्या. "सगळ्यांचं."

पट्टी ओळीओळीने खाली आली. अंबिका एका बाजूने वाकून बघत होती, जयू दुसऱ्या बाजूने. फर्स्ट संपलं, सेकंड संपलं, थर्ड, सप्लिमेंटरी. कोणी घाई केली नाही.

"नाही," ताई म्हणाल्या.

"नाही," जयू म्हणाली. या वेळी तिचा आवाज फुटला नाही.

ताईंनी पुढच्या सालाचं कोरं रजिस्टर काढलं आणि पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहिलं. "सोमवारी सात वाजता. आज संध्याकाळी तुझे बाबा देवासहून आले की त्यांच्याशी मी बोलते," त्या म्हणाल्या. "आणि पहिलं उदाहरण अंबिका घेईल."