डबीतला गारवा

"थंड झाला! माय व, पेला थंड झाला!"

चंद्रभागाबाईंनी स्टीलचा पेला कपाळाला लावला आणि आंधळगावच्या चर्चमागची भाजीची वाडी 'हालेलूया'च्या गजरात बुडाली. शंभरेक माणसं टाळ्या पिटत होती. पायाखाली मेथी तुडवली जाते आहे हे पाहायला कोणाला सवड नव्हती.

मधोमध ब्रदर अनुग्रह. पांढरा सफारी, पांढरे बूट. चिखलाच्या वाडीत पांढरे बूट घालून येणारा माणूस कुदळ धरायला आलेला नसतो, एवढं तरी कोणी ओळखायला हवं होतं. हातात पितळी डबी. डबीतली गुलाबाच्या वासाची भुकटी दोन चमचे अर्धा पेला पाण्यात ढवळायची, डोळे मिटून पुटपुटायचं आणि पेला आजाऱ्याच्या हाती द्यायचा. पेला गार लागला, की देवाचा हात लागला. घोटभर प्यायचं, उरलेलं अंगाला चोळायचं. हीच भुकटी ब्रदर दर रविवारी उजव्या वाफ्यातल्या वांग्यांना घालत, आणि दोन महिन्यांत ती झाडं कमरेएवढी, काळीभोर झाली होती. डाव्या वाफ्यातली गुडघ्याएवढीच होती.

"पाहा सिस्टर लोग! इकडं विश्वास, तिकडं अविश्वास! गोळी जमिनीत पेरली तर झाड उगवते काय? मग पोटात टाकून काय उगवणार?"

या तर्काला मोठ्या टाळ्या पडल्या. बिर्याणी पेरूनही झाड उगवत नाही. पण ब्रदरनी ती खायची सोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

डावा वाफा पुष्पाबाईंचा. वाडी त्यांनीच उभी केली होती. चर्चमागच्या पडीक जागेत रोज सकाळी पाच-सात माणसं फुकट राबायची. कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू, कोणी बौद्ध. भाजी जायची आजाऱ्यांच्या आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी. होळीच्या आधी पुष्पाबाई कॅन्सरने गेल्या. आता वाडीतली भेंडी आणि काकडी ब्रदरच्या गाडीच्या डिकीत जाऊ लागली होती.

"सिस्टर पुष्पा भली बाई," ब्रदर डाव्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पण भरोसा औषधावर ठेवला. फळ सामने आहे."

पुष्पाबाईंची मुलगी हर्षा कडेला उभी होती. तिने ते ऐकलं, पण तिचं लक्ष चंद्रभागाबाईंच्या कोरड्या ओठांवर होतं. चंद्रभागाबाईंना साखरेचा आजार. घरी फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनची बाटली पुष्पाबाईंच्या फ्रिजमध्ये असायची आणि त्या रोज सकाळी सुई टोचून घ्यायला यायच्या. गेले चार दिवस आल्या नव्हत्या.

"काकू, इंजेक्शन?"

"कायले व? ब्रदर म्हणते, शंका ठेवून पेलं तं पाणी काम नाही करत. तहान मात्र लय लागून राहिली." त्यांनी पेला पुढे केला. "धर, तू बी पाहाय. तुयी मायच हात लावून राहिली समज."

हर्षाने पेला गालाला लावला. गार होता. चार कपाटं पुस्तकं वाचलेल्या हर्षालाही एक क्षणभर ते खरंच वाटलं.

मग तिला बादली आठवली. आई धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, मजुरीला जायची. फवारणीसाठी खत विरघळवलं की बादली बाहेरून गार पडायची, आणि लहानगी हर्षा तिला गाल टेकून बसायची. आई ओरडायची, "पिऊ नको व, खताचं पाणी हाय!"

तिने पेला खाली ठेवला.

"परसरामभाऊ, सायकलवर युरिया आहे ना?"

"हाय ना. इथून बांधीतच जातो," वाडीतला जुना राबणारा परसराम म्हणाला.

हर्षाने दगडावर मूठभर युरिया वाटला. हातपंपाच्या एकाच बादलीतून तीन पेल्यांत पाणी घेतलं. एकात काकडीसोबत खायला आणलेलं मीठ, दुसऱ्यात ब्रदरनी घरी प्यायला दिलेली, चंद्रभागाबाईंच्या पदरात बांधलेली भुकटीची पुडी, तिसऱ्यात युरिया.

"देवाची परीक्षा घेऊ नये!" ब्रदर गरजले.

"देवाची नाही घेत. डबीची घेऊन राहिली."

चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून एकेक पेला धरला. "हा साधा. हा थंड. हा बी थंड. दोन्ही ब्रदरचेच."

"एक ब्रदरचा, काकू. दुसरा परसरामभाऊंच्या थैलीतला. त्यावर कोणी प्रार्थना केली नाही. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून पेला गार पडतो. गुलाबाचं अत्तर तेवढं वरून."

"मंग हे वांगे?" मागून कोणी तरी विचारलं.

"उजव्या वाफ्यातून आजवर किती तोडली?"

परसरामने वाकून पानं बाजूला केली. "पालाच हाय ना बाप्पा! युरिया जास्त झाला का असंच होते." डाव्या वाफ्यात बुटक्या झाडांना जांभळी वांगी लटकत होती.

"फळ सामने आहे, ब्रदर," हर्षा म्हणाली.

चंद्रभागाबाईंनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्सं खत फेकलं म्या. बांधीत हात थंड पडला तं युरिया, अन् इथं पडला तं देव! कशी व मी येडी!"

ब्रदर गाडीकडे निघाले. एक पांढरा बूट चिखलातच राहिला.

"थैली देऊ काय ब्रदर?" परसराम ओरडला. "डबी खाली झाली असन!"

लोक हसले. हर्षा हसली नाही.

"आईही रोज प्रार्थना करायची. गोळी घेऊन करायची," ती म्हणाली. "तरी ती गेली. औषधाने सगळेच वाचत नाहीत. पण इन्सुलिन लागणाऱ्याने ते सोडलं, तर तो मरतो. प्रार्थना खुशाल करा. पण कोणी चमत्कार दाखवला, की आधी विचारा, हे कशाने झालं? आणि स्वतः करून पाहा."

मग ती चंद्रभागाबाईंना घरी घेऊन आली. बाटली घेऊन दोघींना तडक दवाखाना गाठायचा होता. फ्रिजच्या दारातला आईच्या औषधांचा कप्पा अजून तसाच होता. त्याखालची इन्सुलिनची बाटली तिने काढून चंद्रभागाबाईंच्या हातावर ठेवली.

"माय व! हे बी थंडच!" त्या दचकल्या. मग हर्षाकडे पाहून स्वतःच म्हणाल्या, "फ्रिजनं."

"फ्रिजनं," हर्षा म्हणाली, आणि तिने दार लावलं.