घड्याळाच्या काचेसमोर

निळ्या ठिपक्याची एक कड सुटली होती. तिने नखाने दाबून पाहिली. कड बसली, पुन्हा उचलली गेली. टेबलावर पसरलेल्या नकाशात, दवाखान्यापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर, असे कागदी ठिपके विखुरलेले होते — म्हातारी माणसं चालता चालता जिथे थांबली ती एकेक जागा — आणि घड्याळाच्या दुकानासमोर तर त्यांची दाटी झाली होती, एकावर एक, खालचा रस्ता दिसू नये इतकी.

विद्यार्थ्यांचा प्रस्ताव आज संध्याकाळच्या आत जायचा होता: या रस्त्याला बाकं हवीत. मार्गदर्शक म्हणून तिची सही तेवढी राहिली होती, आणि ती अडली होती एका वाक्यावर. ‘दुकानांसमोर थांबणारे वृद्ध काचेत बघत नसतात, दम घेत असतात.’

“बहुतेक वृद्ध, असं कर,” ती म्हणाली.

“का पण, मॅडम?” गटाची प्रमुख — वर्गात तिला सगळे वकील म्हणत — खुर्ची पुढे ओढून बसली. “आम्ही परीक्षाच घेतली ना त्यांची. काय बघताय, आजोबा? सहज बघतोय. बरं, मग काचेत काय होतं सांगा. सगळे नापास! एक आजी तर माझ्यावरच उखडल्या, तुला कशाला गं नसत्या चौकशा?”

“एखादा पास झालाही असता.”

“असेल तर दाखवा ना.”

दाखवा... तिचे बाबा त्याच घड्याळाच्या दुकानावरून घरी यायचे. दारात बूट काढता काढताच सुरू व्हायचे — आज त्याच्या काचेतली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतायत, मालकाचा एकावरही भरवसा दिसत नाही... आज मधलं मोठं घड्याळ उलटं टांगलंय, तरी गिऱ्हाईक होतं... आणि ती हातातलं पुस्तक खाली न ठेवता हसायची, म्हणायची, बाबा, तुम्ही एक काच सोडत नाही. ते गेल्यावर भेटायला आलेल्यांना आत्याही हेच सांगत होती, “दादा लहानपणापासून चौकस.” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, तिनेही. माणूस गेला की त्याच्याविषयी थोडक्यात काहीतरी ठरवावं लागतं, आणि त्यांचं तेवढं ठरलं होतं. हृदय कधीपासून थकत आलं होतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घरात कुणाला कळलं नव्हतं.

तरी बाबा या परीक्षेत पास झाले असते. पहिलेच आले असते. तिला क्षणभर बरं वाटलं — आणि मग वाटलं, पास व्हायला अभ्यास लागतो. छाती खाली-वर होत असताना, काचेला एक हात टेकून, ते एकेक घड्याळ नीट बघून ठेवत असतील, घरी न्यायला. ‘एवढा उशीर का झाला’ हे तिने त्यांना कधी विचारलंच नव्हतं. विचारायची वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

किंवा तसं नसेलही. दम घेता घेता माणसाला घड्याळं आवडूही शकतात... याला पुरावा कुठून आणायचा?

“मॅडम? बहुतेक लिहू का मग?”

“नको. राहू दे आहे तसं.”

तिने सही केली. खटला जिंकल्यासारखी हसत वकील नकाशाची गुंडाळी काखेत मारून गेली. तो सुटलेला ठिपका टेबलावरच राहिला.

घरी जाताना ती दुकानासमोर थांबली. दम लागला नव्हता. आत मालक एकेक घड्याळ काढून फडक्याने पुसत होता, आणि वेळेकडे ढुंकूनही न बघता परत जागेवर ठेवत होता — न्हाव्याने दाढी करून दिल्यासारखा, चला, पुढचा... तिच्या मनात वाक्य जुळायला लागलं, बाबांच्याच चालीत. फक्त शेवट थोडा लांबत होता. घरी ऐकायला कुणी नाही हे तिला मग आठवलं. तरी ते जुळतच राहिलं, आणि शेवट मिळेपर्यंत तिला तिथून हलता येईना.