गाडीची बशी

टेंभुर्णीच्या लग्नाला निघालेली कुंडलिकरावांची जुनी मोटार मोहोळजवळच वाफ सोडू लागली. करवली झालेली नात उत्कर्षा रडवेली झाली. "आजोबा, माझ्याशिवायच अक्षता पडतील!"

त्यांनी पुढं जाऊन पाहिलं, तर इंजिनाचं पाणी निवतं त्या जाळीवर टॉवेल करकचून बांधलेला!

"मीच बांधला. गाडीला ऊन लागू नये म्हणून."

कुंडलिकराव रागावले नाहीत. टपरीवरचा कढत चहा त्यांनी तिच्यापुढं धरला. "घटाघटा पी. उशीर झालाय की!"

"भाजतंय! बशी द्या ना."

"बशीत पिणं गावंढळ, असं कोण म्हणत हुतं?"

बशीवर फुंकर घालता घालता उत्कर्षा थबकली. "आजोबा, ती जाळी म्हणजे गाडीची बशी?"

"व्हय. अन् तू तिची फुंकरच अडवलीस!"

इंजिन निवलं. टॉवेल आजोबांच्या डोक्यावर गेला आणि करवली अक्षतांना पोचली.