लागोपाठ दोन त्रयोदशी आणि मी

मित्रांनो, तुमच्या करंगळीएवढा मी एक जुना पेनड्राइव्ह. माझं टोपण केव्हाच हरवलं. उघड्या तोंडानं धूळ खाऊ नये म्हणून आमच्या घरच्या अरुणाताईंनी माझ्यासाठी खणाच्या कापडाची इवलीशी पिशवी शिवली आहे. माझ्या जातीत कुणाला एवढं सुख मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

कुठल्या देशातल्या कारखान्यात मी घडलो ते मला ठाऊक नाही. आठवतं ते कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून अरुणाताईंच्या यजमानांनी, तात्यासोंनी, मला घरी आणलं. सुरुवातीला त्यांच्या गाडीत बसून मी जैन स्तवनं ऐकवायचो. मग घरच्या लग्नाचे फोटो माझ्यात आले. पाहुणे म्हणायचे, "एवढ्याशा जिवात एवढं मावतंय व्हय?" मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

पुढं फोनमध्येच सगळं मावू लागलं, आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. सेफ्टी पिना, रबर, बंद पडलेलं घड्याळ असे माझे शेजारी. वाईट वाटलं खरं, पण रागावलो नाही. देवानं दिलेली जागा आपली मानावी, एवढं त्या घरात राहून मी शिकलो होतो.

माझे दिवस पालटले ते पारसमुळे. पारस हा तात्यासोंचा आणि अरुणाताईंचा मुलगा, पुण्याला संगणकाच्या कामात आहे. मुलं तात्यासोंना आण्णा म्हणतात. या घराचे दोन संगणक. एक कोल्हापुरात घरी, त्यावर मुलगी भाग्यश्री यंत्रांच्या भागांची रेखाटनं करते. दुसरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, तात्यासोंच्या वर्कशॉपमध्ये. तिथं ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनतात. दोन्हीकडे पासवर्डचा नुसता गोंधळ. शेवटी पारसनं दोन्ही संगणकांवर पासवर्ड मॅनेजर बसवला. म्हणजे काय, तर सगळे पासवर्ड एकाच फाइलमध्ये कुलूपबंद. घरात त्या फाइलला सगळे 'जुडगा' म्हणू लागले.

पारस म्हणाला, "जुडगा इंटरनेटवर ठेवूया आण्णा. दोन्हीकडं आपोआप दिसंल."

तात्यासो म्हणाले, "आपल्या घरच्या किल्ल्या लोकाच्या दारात कशाला टांगायच्या? ते न्हाय जमायचं."

म्हणून ड्रॉवरमधून मला बाहेर काढलं. घरी पासवर्ड बदलला की नवा जुडगा माझ्यावर घालायचा आणि कागलच्या संगणकात जुन्याच्या जागी ठेवायचा. कागलला बदलला की तसाच घरी. ते काम अरुणाताईंनी आपल्याकडे घेतलं. त्या फार सोशिक आणि हळू बोलणाऱ्या. रोज देवदर्शन झाल्याशिवाय पाणी नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. त्यांचा सगळा दिवस तिथीवर चालतो. म्हणून माझ्यावरच्या फाइलींना त्यांनी नावंही तिथीचीच दिली, आणि तात्यासोंनाही तीच सवय लावली. मला ते फार आवडे. बाकीचे पेनड्राइव्ह नुसते आकडे वाहतात, मी अष्टमी आणि एकादशी वाहत होतो.

आता त्या फाल्गुनातली गोष्ट सांगतो. भाग्यश्रीनं पंपाच्या कवचाची रेखाटनं पुरी केली होती. वडिलांच्या हाताखालची नव्हे, तिची स्वतःची पहिली. कित्येक महिने ती त्यात बुडाली होती. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ती चतुर्दशीला दुपारपर्यंत पाठवायची होती. दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून तिनं त्रयोदशीला तो फोल्डर कुलूपबंद केला. पासवर्ड जुडग्यानंच घडवून दिला, अक्षरं आणि चिन्हांची भलीमोठी माळ. ती कुणाच्या लक्षात राहणं शक्यच नव्हतं. आणि विसरलात तर नवा घ्या, अशी सोय त्या कुलपाला नव्हती. संध्याकाळी अरुणाताईंनी तो जुडगा माझ्यावर घातला आणि नाव दिलं, 'फाल्गुन शुद्ध त्रयोदशी'.

दुसऱ्या दिवशी मी तात्यासोंच्या खिशातून कागलला गेलो. त्या पंधरवड्यात त्रयोदशी लागोपाठ दोन दिवस आली होती. पंचांगात असं अधूनमधून होतं. तात्यासोंनी गडबडीत घरून आलेला जुडगा तिथं न ठेवताच वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड बदलला, कागलचा जुडगा माझ्यावर घातला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि तेच नाव टाइप केलं. संगणकानं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

"आज त्रयोदशीच हाय की," असं पुटपुटत त्यांनी 'हो' दाबलं.

कालची त्रयोदशी पुसली गेली. संध्याकाळी अरुणाताईंनी नेहमीप्रमाणे तोच जुडगा घरच्या संगणकात जुन्याच्या जागी ठेवला. आता भाग्यश्रीचा पासवर्ड घरी नव्हता आणि कागललाही नव्हता.

चतुर्दशीला सकाळी भाग्यश्री संगणकापुढं बसली आणि तिचा चेहरा उतरला. "आण्णा, पासवर्डच न्हाय ह्यात. परवाचा जुडगा कुठं गेला?"

तात्यासो खुर्ची ओढून बसले. हळूहळू सगळं ध्यानात आलं तसे ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मीच घालवला गं बाळ. दोन दिवस एकच तिथी, मला काय ठावं."

"म्हणजे सगळं परत काढायचं?" तिनं घड्याळाकडं बघितलं. "दुपारी त्यांना काय सांगू?"

मित्रांनो, आता माझं गुपित ऐका. आमच्यातून फाइल पुसली की तिचं फक्त नाव जातं. मजकूर पोटात तसाच पडून असतो, जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. भाग्यश्रीचा जुडगा माझ्या पोटात होता. पण मला बोलता येत नाही.

अरुणाताईही त्या दिवशी बोलत नव्हत्या. चतुर्दशीला त्यांचा उपवास आणि संध्याकाळपर्यंत मौन, संगणकालाही हात लावायचा नाही असा नेम. त्या पाटावर जप करत होत्या.

तात्यासोंना राहवेना. "थांब, हितला जुडगा परत पेनड्राइव्हवर घालू. मग कागलचा घालू. कुठंतरी निघंलच," म्हणत त्यांनी मला संगणकात खोचलं. मी मनात हात जोडले. आणखी एक फाइल पडली असती तर ती नेमकी कुठल्या जागी बसली असती, हे माझ्या हातात नव्हतं.

तेवढ्यात अरुणाताई उठल्या. तात्यासोंच्या शेजारी येऊन त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"अगं, आत्ता न्हवं," तात्यासो म्हणाले. हात मागे गेला नाही. शेवटी त्यांनी मला काढून त्या तळव्यावर ठेवलं. ताईंनी मला पिशवीत घालून आपल्या पाटाशेजारी ठेवलं आणि पुन्हा माळ हातात घेतली.

"देवाला वाहतीस का काय त्याला?" तात्यासो वैतागून म्हणाले. भाग्यश्री रडता रडता हसली आणि तिनं पारसला फोन लावला.

पारसनं सगळं ऐकून आधी एकच विचारलं, "पुसल्यानंतर पेनड्राइव्हवर नवीन काय घातलं का?"

"आण्णा घालणार होते. आईनं काढून घेतला."

"मग जिवात जीव आला. घरच्या संगणकाचा काय भरवसा न्हाय, त्यात कायतरी सारखं लिहिलं जातंय. आता मी सांगतो तसं कर. अजिबात घाई करू नकोस."

पुसलेल्या फाइली शोधणारा एक प्रोग्रॅम तिनं चालवला. तो माझ्या कानाकोपऱ्यातून सावकाश फिरला. पडद्यावर यादी उमटू लागली, आणि तिच्यात परवाची त्रयोदशी होती. जुडगा उघडला, फोल्डर उघडला, दुपारच्या आत रेखाटनं पुण्याला गेली. तात्यासोंनी डोळे पुसले आणि मग चष्म्याला नावं ठेवली.

संध्याकाळी मौन सुटल्यावर भाग्यश्रीनं आईला विचारलं, "तुला कसं कळलं गं, त्यात काय घालू नये ते?"

"मला कुठलं कळतंय त्यातलं," अरुणाताई म्हणाल्या. "तांदूळ सांडलं की मी आधी तुम्हास्नी तिथनं चालू देत न्हाय. मग गोळा करते. तेवढंच केलं."

त्यानंतर पारसनं आईवडिलांना सिंक करायला, म्हणजे दोन्ही जुडगे एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकवलं. आता माझ्यावरचा जुडगा उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर बसवत नाहीत. प्रोग्रॅम दोन्ही शेजारी ठेवतो, याच्यातलं नवं त्याला देतो, त्याच्यातलं नवं याला देतो, आणि जुनंही बाजूला राखून ठेवतो. तिथीची नावं मात्र ताईंनी सोडली नाहीत. फक्त तिथीच्या पुढं वारही लिहू लागल्या. "तिथी दोन दिवस येती, वार न्हाय येत," असं त्या म्हणतात.

मी अजून कोल्हापूर-कागल करतो. थकलोय, पण सुखात आहे. तुमच्याकडेही माझा एखादा भाऊ असेल, त्याला ओढून हिसकून काढू नका. आणि मित्रांनो, जुनं काढून नवं ठेवू का, असं तुम्हाला कुणी विचारलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर 'हो' म्हणण्याआधी थोडं थांबा. त्या जुन्यात कुणाची तरी कित्येक महिन्यांची मेहनत असेल, आणि ते बिचारं तुम्हाला तसं सांगू शकणार नाही.